दहा दिवस थांबा

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत माझं व्याख्यान झालं. दवाखान्यातले आम्ही चार डॉक्टर, नर्स जॉयस आणि व्यवस्थापक ट्रॉय, एवढीच श्रोतेमंडळी. ट्रॉयने लेमन बार, लिंबाच्या गोड वड्या, आणल्या होत्या म्हणून शेवटपर्यंत सगळे बसले. विषय सायनसचा. मिनेसोटाच्या या टोकाला हिवाळ्यात दोनच गोष्टींची रेलचेल असते, बर्फ आणि तुंबलेली नाकं.

गुलाबी कागदावर मी मोजकंच छापून आणलं होतं. सर्दीने सायनस भरलं म्हणून प्रत्येकाला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. बहुतेकांना विषाणूंचा त्रास असतो आणि तो आपला आपण जातो. मग जिवाणूंचा संशय कधी घ्यायचा? दहा दिवस झाले तरी काडीचाही उतार नसेल तेव्हा. किंवा पहिल्या दिवसापासून जबर ताप, घट्ट पिवळा शेंबूड आणि चेहऱ्यात ठणका, असं तीन-चार दिवस सलग चाललं असेल तेव्हा. किंवा बरं वाटायला लागून दुखणं पुन्हा उलटलं असेल तेव्हा, आणि मग मात्र दिवस मोजत बसायचं नाही. "ही तिसरी खूण सगळे विसरतात," असं मी बोट वर करून सांगितलं. शाळेतल्या बाईंसारखं.

ट्रॉयने जेवणाच्या खोलीत भिंतीवर तक्ता लावलाय. कोणता डॉक्टर सर्दीच्या शंभर रोग्यांपैकी किती जणांना अँटिबायोटिक देतो, त्याचा. माझे नऊ. बाकीचे तिघं तिसाच्या पुढे. मला हा तक्ता आवडतो, खोटं कशाला बोलू? आमच्या गावात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. भिंतीवर झालेलं म्हणूनच फार गोड लागतं.

रोग्यांच्या निरोपांना द्यायचं एक उत्तरही तयार करून ठेवलंय. संगणकावर एक ठिपका आणि 'दहा' एवढं टाइप केलं की सबंध परिच्छेद उमटतो: धीर धरा, मिठाच्या पाण्याने नाक धुवा, बहुतेकांना दहा दिवसांत आराम पडतो, नाही पडला तर या. खाली माझं नाव, डॉ. सोल्वेग हाउगेन. ट्रॉय म्हणाला, "वर्षाचे किती तास वाचतील!"

४ मार्च, सोमवार

आज अर्डिस आली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातली अर्डिस. मी पहिलीत असताना माझ्या ताटात ती मक्याचे दाणे वाढायची, आणि मला गाजर आवडत नाही हे घरात कोणाला कळायच्या आधी तिला कळलं होतं. आता त्रेसष्ट वर्षांची आहे आणि अजून रोज दोनशे पोरांचं जेवण करते.

शुक्रवारी सर्दी सुरू झाली, म्हणजे आज चौथा दिवस. नाक चोंदलेलं, गाल जड, ताप नाही.

"दुखतं किती? एक ते दहात सांगा."

"तीन."

इथे सगळ्यांचं तीनच असतं. मागच्या वर्षी लाकडं फोडताना अंगठ्याचं टोक तोडून आलेल्या माणसानेही तीनच सांगितलं होतं, आणि वर म्हणाला होता, "तुमची गडबड असेल तर बसतो मी." मी अर्डिसच्या नावापुढे तीन लिहिलं.

जाता जाता ती कोटाची बटणं लावत म्हणाली, "माझ्या बहिणीला ॲरिझोनात दुसऱ्याच दिवशी गोळ्या देतात. पण तू म्हणशील तसं."

मी तिला नीट समजावलं. गुलाबी कागद दिला, नाकात मारायचा फवारा लिहून दिला. "दहा दिवस थांबा," म्हटलं. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "तू म्हणालीस ना, मग झालं."

६ मार्च, बुधवार

आजपासून ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू. कपाळाला राख लावून सगळं गाव चर्चच्या तळघरात सूप प्यायला. अर्डिस पातेल्यामागे उभी होती, चेहरा टवटवीत. दहा माणसांच्या रांगेपलीकडून ती ओरडली, "अगं सोल्वेग, तुझं खरं निघालं! सर्दी निम्मी पळाली!"

तिचा नवरा व्हर्न शेजारी ब्रेड वाटत होता. तो म्हणाला, "आता वर्षभर ऐकावं लागणार मला. सोल्वेग असं म्हणाली, सोल्वेग तसं म्हणाली."

लोकांनी वळून बघितलं. मी खाली मान घालून सूप घेतलं, पण आतून फुलले होते.

८ मार्च, शुक्रवार

तक्त्यावर माझे नऊचे सात झाले. ट्रॉयने सगळ्यांना घरून एकेक पदार्थ आणायला लावलं आणि स्वतः गाजराचा केक आणला. गाजर मला केकमध्ये चालतं.

खाता खाता रोग्यांचे निरोपही उरकले. बावीस होते. जॉयस म्हणाली, "घास तरी गिळ आधी. नाकं कुठे पळून जात नाहीत." तिला काय, तिच्या डोक्यावर बावीस निरोप नसतात. अर्डिसचाही होता: 'बुधवारी छान वाटत होतं. कालपासून डाव्या डोळ्याच्या वर पुन्हा थोडं सुरू झालंय. काळजीचं नाही. तुझा वेळ घेतला, माफ कर.' आठवाच दिवस. ठिपका, 'दहा', उत्तर गेलं. वीस मिनिटांत बावीस निरोप संपवून दुसरा तुकडा घेतला.

११ मार्च, सोमवार

आठला दवाखाना उघडतो. मी पावणेआठला पोचले तर व्हर्नचा ट्रक इंजिन चालू ठेवून दाराशी उभा. अर्डिस आत बसली होती, डाव्या डोळ्यावर बर्फाची पिशवी धरून.

पिशवी काढली. डोळा मिटलेलाच होता, पापणी लाल आणि टरारून सुजलेली. मी बोटांनी उघडली तर बुबुळ पुढे आलेलं. "वर बघा," म्हटलं. वर फिरेना. मी तिला लाल टोपणाचं पेन दाखवलं. उजव्या डोळ्याने लाल दिसलं. डाव्याने? ती जरा वेळ बघत राहिली.

"मळकं दिसतंय, विटकरीसारखं."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून. पण रविवारी तुम्ही बंद ना. आणि आज दहा दिवस भरले."

सायनसमधला पू हाडापलीकडे डोळ्याच्या खोबणीत उतरला होता. शिरेतून औषध सुरू करून रुग्णवाहिका बोलावली. डुलूथचं मोठं इस्पितळ इथून शंभर मैल, वरून बर्फ पडत होतं. स्ट्रेचरवर घेताना अर्डिस जॉयसला म्हणाली, "शाळेत कळवेल का कोणीतरी? आज पोरांना जेवणात मीटलोफ आहे." व्हर्न माझ्याकडे न बघता ट्रकमध्ये जाऊन बसला.

त्यानंतर मी एकवीस रोगी तपासले. कसे, ते आठवत नाही.

पाच वाजता सगळे गेल्यावर तिची नोंद उघडली. शुक्रवारचा निरोप तिथे होता. बुधवारी छान, गुरुवारपासून पुन्हा सुरू. गुलाबी कागदावरची तिसरी खूण, शब्द न् शब्द. मीच छापलेली. निरोप उघडल्याची वेळ: १२.४१. उत्तर गेल्याची वेळ: १२.४१.

त्याखाली तिचं पुन्हा एक उत्तर होतं, मी कधी न उघडलेलं. 'आभारी आहे. तू बघितलंस, जिवाला बरं वाटलं. मग सोमवारपर्यंत थांबते.'

१२ मार्च, मंगळवार

शस्त्रक्रिया झाली. पू काढला. दिसेल की नाही ते आत्ताच सांगत नाहीत.

१४ मार्च, गुरुवार

ट्रॉयने दार लावून घेतलं. त्याच्याजवळ एक फॉर्म होता. अशा घटनेनंतर भरावा लागतो.

"तू नियम पाळलेस," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी गोळ्या दिल्या नाहीस, बरोबर केलंस. पुढे तिनेच 'काळजीचं नाही' असं लिहिलं. ते तुझ्याकडे लेखी आहे."

"तिने पुन्हा सुरू झालंय असंही लिहिलं होतं."

"'थोडं' म्हणाली ना? हे बघ, सोल्वेग, वकिलाचं म्हणणं असं आहे की कुटुंबाशी याबद्दल काही बोलायचं नाही. भेटायला जा, फुलं ने, लवकर बऱ्या व्हा म्हण. पण तो निरोप, ते उत्तर, हा विषय काढायचा नाही."

मी फॉर्म भरला. 'रुग्णाने लक्षणांची तीव्रता कमी सांगितली.' यातला एक शब्दही खोटा नाही. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच मला जास्त लाज वाटते. उत्तर देण्याआधी निरोप किती वेळ वाचला, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

गेली तीन वर्षं मी नाकाने कांदे सोलत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या की मान हलवायचे.

१६ मार्च, शनिवार

व्हर्नकडे हॉटडिश नेऊन दिलं, भट्टीत भाजलेला खिमा, वर बटाट्याचे गोळे लावून. तो एका दिवसासाठी कपडे न्यायला घरी आला होता. "करायला नको होतं," म्हणाला. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, पण आज त्याला तेच म्हणायचं होतं असं वाटलं.

"कशा आहेत त्या?"

"चालू आहे." मग दाराची कडी धरून म्हणाला, "रविवारी मी..." आणि थांबला.

मी विचारलं नाही. 'रस्ता निसरडा आहे, सांभाळून जा,' असलं काहीतरी बोलले आणि आले. त्याच्या दारातला बर्फ मात्र फावड्याने काढून टाकला. तो खिडकीतून बघत होता.

२० मार्च, बुधवार

चर्चच्या बुधवारच्या सूपला गेले नाही. पातेल्यामागे कोण उभं असेल याची कल्पना करवेना. गावात सगळे माझ्याशी नेहमीपेक्षा चांगलं वागतायत. पोस्टातली बाई म्हणाली, "तुम्ही वेळेवर पाठवलंत म्हणून बरं." खाई त्याला खवखवे. मी तिकिटं न घेताच बाहेर पडले.

२२ मार्च, शुक्रवार

या आठवड्यात सर्दीचे सव्वीस रोगी पाहिले आणि एकोणीस जणांना अँटिबायोटिक दिलं. विसाव्याला, एका ट्रकवाल्याला, लिहीत होते तेवढ्यात जॉयस कागद आणायला आत आली. रोगी बाहेर जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली,

"त्या ट्रकवाल्याला कालपासून सर्दी आहे. कालपासून. ही गोळी त्याला आहे की तुला?"

"जॉयस, मला कामं आहेत."

"मलाही आहेत. काल तू दिलेल्या गोळ्यांनी पीटरसनच्या सुनेला अंगभर पुरळ उठलंय, तिला कोणी बघायचं? आधी कोणाला देत नव्हतीस, आता सगळ्यांना देतेस. मधे एक पायरी असते बाई, तिच्यावर माणसाकडे बघायचं असतं."

मी तिच्यावर ओरडले. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती शांतपणे म्हणाली, "ओरड. पण ओरडून झालं की डुलूथला जा." आणि ट्रकवाल्याला परत बोलावून आणलं. मी त्याला पुन्हा तपासलं, गोळ्या परत घेतल्या, आणि बरं वाटून पुन्हा बिघडलं तर त्याच दिवशी यायला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही बऱ्या आहात ना?"

२४ मार्च, रविवार

डुलूथ. पिवळे ट्युलिप नेले. अर्डिसच्या डोळ्यावर पट्टी होती, केस कोणीतरी चुकीच्या बाजूला विंचरले होते.

"अगं, एवढ्या लांब कशाला आलीस? माझ्यामुळे तुला किती त्रास झाला असेल. मी नीट लिहायला हवं होतं. मला मेलीला लिहिता कुठे येतं!"

ती माझी माफी मागत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. मग नर्स आली, रक्तदाब घेतला, गेली, आणि मी म्हटलं, "लवकर बऱ्या व्हा."

ट्रॉयने सांगितलं होतं, तस्संच. परत येताना पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि पोटभर रडले. वकिलाला पुढे करायचं कारण नाही. तो नसता तरी मी बोलले नसते.

२८ मार्च, गुरुवार

डुलूथच्या डॉक्टरांचं पत्र आलं. अर्डिस घरी आली आहे. डाव्या डोळ्याने दृष्टी तपासायच्या तक्त्यावरचं फक्त सगळ्यात वरचं अक्षर दिसतं, तेही मान वळवून, कडेने. मधोमध धुरकट. डोळ्याच्या नसेवर फार वेळ दाब राहिला. यापुढे फारशी सुधारणा अपेक्षित नाही.

फार वेळ. शनिवार आणि रविवार.

ट्रॉयला फॉर्म परत मागितला. त्याने का म्हणून विचारलं. एक ओळ राहिलीय, म्हटलं. 'निरोपात दुखणे उलटल्याचा स्पष्ट उल्लेख होता. डॉक्टरने तो न वाचता तयार उत्तर पाठवले.' ट्रॉयने ते दोनदा वाचलं. "हे तुला परवडणार नाही," तो म्हणाला. मी सही केली.

३० मार्च, शनिवार

सकाळी दहाला अर्डिसकडे गेले. हातात काही नेलं नाही.

तिने कॉफी केली. मी करते म्हटलं तर मला हाताने बाजूला सारलं. ओतताना धार कपाच्या बाहेर मेजावर पडली. तिने फडक्याने पुसलं, कपाच्या कडेला बोट लावून पुन्हा ओतलं. "अंतरच कळत नाही," ती म्हणाली. "सुऱ्या तर धरूच देत नाहीत. शाळेत म्हणाले, पुढच्या वर्षी बघू." व्हर्न खिडकीपाशी वर्तमानपत्र धरून बसला होता. पान उलटत नव्हता.

मी उभ्यानेच बोलले. बसले असते तर जमलं नसतं.

"अर्डिस, चूक तुमच्या लिहिण्यात नव्हती. तुम्ही बरोबर तेच लिहिलं होतंत जे डॉक्टरला कळायला हवं. बरं वाटून पुन्हा उलटलं की थांबायचं नसतं. त्याच दिवशी गोळ्या सुरू करायच्या असतात. हे मला माहीत होतं. मीच सगळ्यांना शिकवलं होतं."

"मग तुला तेव्हा तसं वाटलं नसेल," ती म्हणाली. मला वाट करून देत होती. "सगळ्या बाजूंनी विचार करूनच सांगितलं असशील."

"नाही. विचार केलाच नाही. मी केक खात होते. निरोप उघडला आणि त्याच मिनिटाला उत्तर गेलं. ते उत्तर मी तुम्हाला लिहिलेलंही नव्हतं. आधीच तयार करून ठेवलेलं असतं, एक बटण दाबलं की सगळ्यांना तेच जातं. मी वाचलं नव्हतं, अर्डिस."

व्हर्नने वर्तमानपत्र खाली ठेवलं. अर्डिसने हातातलं फडकं पिळून सिंकच्या कडेला वाळत घातलं, नीट, सुरकुत्या काढून. मला वाटलं ती म्हणेल, असू दे गं. आमच्याकडे म्हणतातच. खरं सांगायचं तर मी तेच ऐकायला गेले होते.

"रविवारी चर्चहून आलो," ती म्हणाली, "तेव्हा हा ट्रकच्या किल्ल्या घेऊन उभा होता. आत्ताच्या आत्ता डुलूथला चल म्हणाला. चाळीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता त्याने. मी गेले नाही. मी त्याला म्हटलं, सोल्वेगने स्वतः वाचलंय. ती लहानपणापासूनची माझ्या ओळखीची आहे, सांगायचं असतं तर तिने सांगितलं असतं. तो म्हणाला, तिला काय कळतंय, डोळा माझ्यासमोर आहे. आमचं भांडण झालं. मी तुझ्या बाजूने भांडले."

व्हर्न उठून आतल्या खोलीत गेला.

अर्डिसने मान जरा वळवली, उजवा डोळा माझ्यावर नीट येईल अशी. आवाज चढलेला नव्हता. पोराने ताट पालथं केल्यावर ती विचारायची ना, काय झालं, तसंच विचारलं तिने.

"मग ते तीन दिवस मी कोणाचं ऐकत होते?"

"कोणाचंच नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मेजावरचा माझा कप उचलला, मी अजून घोटही घेतला नव्हता, आणि कॉफी सिंकमध्ये ओतली. या वेळी एक थेंबही बाहेर सांडला नाही. मी कोट घेऊन निघाले. ती दारापर्यंत आली नाही.